उलटी घडी

"आख्ख्या आयुष्यात माझ्या वाट्याला एकदा विमान आलं होतं, तेवढंही तुला बघवलं नाही ना, माई?"

बाबा एवढंच बोलले आणि पाठ फिरवून पुन्हा इस्त्री करू लागले. तापलेल्या इस्त्रीखाली ओलसर चादरीतून वाफ निघत होती, आणि त्या वाफेआडून तिला त्यांचे वाकलेले खांदे दिसत होते... तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्यांच्या गळ्यात पडावं आणि सगळं सांगून टाकावं. पण सांगणार काय? तिच्याजवळ होता फक्त संशय, आणि तोही बाबांच्या तीस वर्षांच्या दोस्तावर!

आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या दिवसापासून घर आणि लॉन्ड्री दोन्ही तिच्या अंगावर आली, आणि बाबा आपल्या लेकीलाच माई म्हणू लागले. हा दोस्त म्हणजे हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणारा काका, दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. परदेशातून टॉवेलांचे नमुने घेऊन या, फिरून या, खर्च माझा, असं म्हणत त्याने बाबांच्या हातात चक्क तिकीट ठेवलं. बाबा लहान मुलासारखे हरखले. माईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ज्या माणसाने तीस वर्षांत कधी कपभर चहा पाजला नाही, तो विमानात कसा बसवतो? तिने दोनदा हटकून पाहिलं, तर बाबा तिच्यावरच उखडले. "माणसं ओळखायला शिक जरा," म्हणाले. शेवटी तिने काकालाच गाठलं, बाबांच्या गुडघ्यांचं निमित्त सांगितलं आणि नवं तिकीट स्वतःच्या नावावर काढून घेतलं. लेकीला परदेशाचा मोह पडला, असं बाबांनी समजून घेतलं. तिनेही ते समजू दिलं.

तिकडच्या हॉटेलच्या खोलीत एका अनोळखी माणसाने तिच्यापुढे बॅग ठेवली. आत चोवीस टॉवेल, बोळे करून कोंबलेले. पहिल्याच टॉवेलला हात लागला आणि तिला कळलं. धुतलेला कपडा असा कडक होत नाही, आणि खळ घातली तर असा औषधी वास येत नाही. अंमली पदार्थ पाण्यात विरघळवून कापडात जिरवतात, हे तिने पेपरात वाचलं होतं. ती म्हणाली, "मी नेणार नाही."

तो माणूस शांतपणे म्हणाला, "म्हातारा दुकानात एकटाच असतो ना?"

तो गेला. मग तिने एकेक टॉवेल उलगडला, झटकला आणि घडी घालायला घेतली. चोवीसच्या चोवीस. हाताला दुसरं काही सुचतच नव्हतं...

इथल्या विमानतळावर उतरल्याबरोबर अधिकाऱ्याला सगळं सांगायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं. पण रांगेत तिच्या मागे त्यांचाच एक माणूस उभा होता. त्याच्यादेखत बोलायचं कसं, या विचारात ती थबकली, आणि तेवढ्यात तपासणीचं कुत्रं तिच्या बॅगेशी येऊन बसलं. मागचा माणूस गर्दीत नाहीसा झाला.

"मी सांगणारच होते," असं पकडलेला प्रत्येकजण म्हणतो. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? शिवाय बॅग कोणाची, हे ती सांगेना. काकाचं नाव घ्यावं तर पहिलं तिकीट कोणाच्या नावाचं होतं ते निघणार, आणि म्हाताऱ्या बापाच्या हातात बेड्या पडणार! सरकारी वकिलांनी टॉवेलांचे फोटो दाखवून सांगितलं, की इतक्या नीट घड्या घालणाऱ्या बाईने प्रत्येक टॉवेल हाताळला होता, म्हणजे तिला सगळं माहीत होतं. न्यायाधीशांना ते पटलं. गुन्हा शाबित झाला. आता राहिली होती शिक्षा, आणि एवढ्या वजनाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं तिच्या वकीलबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

पण तिच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. चौदा महिने ती कोठडीत होती, आणि चौदा महिन्यांत बाबा एकदाही आले नव्हते. वकीलबाई दुकानात गेल्या तर म्हणाले, "मला मुलगी नाही." बाईंनी वाद घातला नाही. टॉवेलांचे फोटो काउंटरवर ठेवून त्या निघून आल्या.

शिक्षेच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी होती. दार उघडलं, आणि काखेत एक पुडकं धरून बाबा आत आले... किती वाळले होते! सदरा मात्र कडक इस्त्रीचा. तिच्याकडे न बघता ते सरळ पुढे गेले. वकीलबाईंनी परवानगी मागितली आणि बाबा साक्षीला उभे राहिले.

"साहेब, मी लॉन्ड्रीवाला," बाबांनी सुरुवात केली. "आमच्याकडे एक रीत आहे. कपड्याचा डाग गेला नाही, तर त्याची उलटी घडी घालायची. शिवण बाहेर, कोपरा खाली. उलट्या घडीचा कपडा दुकानाबाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. ही रीत दोनच माणसांना माहीत आहे. मला आणि माझ्या मुलीला."

त्यांनी फोटो वर धरला. 

"हे चोवीसही टॉवेल उलट्या घडीचे आहेत. हा माल ती कोणालाही देणार नव्हती, साहेब."

माईला क्षणभर काही उमगेना. मग तिला ती खोली आठवली, आपलेच हात आठवले. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हातांना सगळं कळत होतं...

सरकारी वकील उठले. "म्हणजे माल काय आहे हे तिला माहीत होतं, असं तुम्हीच सांगताय?"

"हो. माझ्या पोरीला डाग कळला. मला तीस वर्षांत कळला नाही." बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे पहिलं तिकीट. नाव माझं आहे. मला कोणी दिलं, तेही सांगतो."

"बाबा, नको..." चौदा महिन्यांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "तुम्हालाही धरतील."

बाबांनी आता कुठे तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळत होती. "धरू देत, माई. ओझं माझं होतं, आणि वर मीच तुझ्यावर रुसून बसलो. इतके दिवस गप्प राहिलीस, आता मला बोलू दे."

त्यांनी काकाचं नाव, दुकान, गोदाम, सगळं सांगितलं. काका त्याच संध्याकाळी पकडला गेला. बाबांची चार दिवस कसून चौकशी झाली आणि त्यांना सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांनी निकाल वाचला. माहीत असून बॅग आणली, म्हणून गुन्हा कायम. पण जो माल पाठवतो आणि जो धाकापोटी वाहून आणतो, त्या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. खरा मालक सापडला, तोही तिच्याच घरच्यांमुळे. चार वर्षं. कोठडीतले महिने त्यातून वजा.

म्हणजे अजून साधारण पावणेतीन वर्षं आत काढायची होती. तरी वकीलबाईंनी तिचा हात घट्ट दाबला. कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात पहारेकरीण म्हणाली, "दोन मिनिटं. लवकर बोला."

दोन मिनिटांत बापलेक काय बोलणार? बाबा तिच्या डोक्यावरून नुसते हात फिरवत राहिले. "खूप वाळलीस," म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे पैलवान झालात?" ती म्हणाली, आणि रडता रडता दोघंही हसले.

मग बाबांनी आजही काखेत आणलेलं ते पुडकं सोडलं. आत आईची शाल होती, विटकरी रंगाची. आई गेली त्या दिवशी बाबांनी ती धुऊन, उलटी घडी घालून, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. वीस वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता. घरात कितीही थंडी पडली तरी मागायची माईची छाती झाली नव्हती.

"तिथे रात्री गारठा असेल," बाबा म्हणाले. "पण परत आणून द्यायची. मी दुकानातच आहे, कुठे जात नाही."

पहारेकरणीने शाल उलगडून, झटकून तपासली. मग जशी होती तशी घडी घालायला लागली, पण तिला काही ते जमेना. माईने शाल तिच्या हातातून घेतली आणि बाबांसमोर कोपऱ्याला कोपरा जुळवला. तिचे हात आपोआप सवयीच्या, उलट्या घडीकडे वळले.

बाबांनी तिचं मनगट धरलं.

"अशी नको," ते म्हणाले. "सुलटी घाल."