मावशीचे नऊ किलोमीटर

"चपला लहान झाल्यात की पाय मोठे झालेत, काही कळत नाही बाई!" गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवत मावशी स्वतःशीच पुटपुटली.

शेजारी भाजी निवडणाऱ्या तिच्या भाचीने, खारूने, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मावशी पायी फिरून टपाल वाटायची. पोस्टमास्तरांनी तिला बजावलं होतं, "नऊ किलोमीटरच्या फेरीला सहा तास? सोमवारपासून फेरी दुसऱ्याकडे. तुम्ही मागच्या खोलीत शिक्के मारा." दारोदार हाका मारणारी मावशी त्या खोलीत कोमेजून गेली असती. ती ‘दमले’ म्हणाली असती तर ती खोली पक्कीच! म्हणून ‘दमलीस का?’ असं घरात कुणीच विचारत नव्हतं.

रात्री खारूने सुट्टीला आलेल्या भावंडांना गोळा केलं. "काल मी तिच्याबरोबर गेले होते. माझे पाय तुटायचे बाकी होते! ते नऊ किलोमीटर नाहीतच."

"मग काय, किलोमीटर ताणला कुणी?" ढब्या हसला.

"मोजू या की!" धाकटी शेंगा उडी मारून म्हणाली.

मोडक्या सायकलचं पुढचं चाक त्यांनी काढलं. दोरी गुंडाळून पाहिली, तर घेर बरोबर दोन मीटर! म्हणजे पाचशे फेऱ्यांचा एक किलोमीटर. चाकाला लाल चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी मोजणी सुरू झाली. गल्ल्या, जिने, पूल, पुन्हा गल्ल्या.

"चारशे बारा, चारशे तेरा..."

"शेंगे, मला तहान लागलीये."

"ढब्या, गप्प! चारशे... चारशे किती?"

"झालं! चला मागे, खडूच्या खुणेपासून!"

दोन दिवस लागले. शेवटचं घर आलं तेव्हा तिघं पायरीवर भाजीच्या जुड्यांसारखी पडली. साडेसहा हजार फेऱ्या. तेरा किलोमीटर!

शनिवारी तिघं मावशीला ओढतच पोस्टात गेली. ‘तेरा’ ऐकताच पोस्टमास्तरांनी टेबलाच्या काचेखालच्या नकाशावर दोरा फिरवला आणि तो पट्टीला लावला. "हे बघा, नऊ सेंटिमीटर. खाली लिहिलंय, एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पट्टी खोटं बोलते का?"

शेंगाचं नाक काचेला टेकलं होतं. "काका, इथे कोपऱ्यात रेघेवर ‘एक सेंटिमीटर’ लिहिलंय ना? ती मोजा की!"

त्यांनी पट्टी ठेवली. चष्मा पुसला. पुन्हा ठेवली. रेघ भरली जेमतेम सात मिलिमीटर!

"काचेखाली मावेना म्हणून..." कोपऱ्यातला कारकून चाचरला, "मी झेरॉक्स जरा बारीक काढली होती."

"नकाशा आटला, पण अक्षरं तीच राहिली!" खारू ओरडली.

पोस्टमास्तर मटकन खुर्चीत बसले. "शाबास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. बाई, फेरी तुमचीच. पण खरेखुरे नऊ किलोमीटर. उरलेले चार दुसरा बघेल." मग ते जरा खाली बघत म्हणाले, "इतकी वर्षं रोज तेरा! एका शब्दाने बोलला नाहीत?"

पोरं छताकडे बघू लागली. कारकून शिक्के नीट लावू लागला.

मावशीने खांद्यावरची थैली काढून टेबलावर ठेवली, बाकावर बसली आणि चपला काढल्या.

"दमले हो मी," ती म्हणाली. "फार दमले."