कुंकवाखालची राणी

हळदीकुंकवाला जाऊन किंचाळायचं नसतं, हे भार्गवीला माहीत होतं. तरीही ती किंचाळली.

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या फ्लॅटवर तिला मैत्रिणीने, शलाकाने, ओढून आणलं होतं. बाहेर बारीक, बोचरा पाऊस... आत तिळगूळ, साड्या आणि साड्यांवर स्वेटर. पुण्याहून लेकाकडे आलेल्या सुरेखाकाकू एकेकीला कुंकू लावत येत होत्या. भार्गवीच्या कपाळाला त्यांचं बोट टेकलं आणि तिची नजर त्यांच्या हातातल्या करंड्यावर गेली. तांब्याचा, उथळ, बाहुलीच्या बशीएवढा. कुंकू जरा सरकलं होतं, तिथे एक माणूस उभा होता. डोक्यावर मुकुट, आणि मुकुटाच्या दोन्ही बाजूंनी मोत्यांच्या माळा लोंबत होत्या.

स्वयंपाकघरातून एक उंच मुलगा धावत आला. हातात मसाला दुधाचं पातेलं, अंगावर आईचा एप्रन. हा काकूंचा लेक, निहार.

"कुणाला भाजलं का?" त्याने विचारलं.

"हे बायझंटाईन नाणं आहे," भार्गवी म्हणाली. "कॉन्स्टँटिनोपलचं, नऊशे वर्षांपूर्वीचं. आणि तुम्ही त्यात कुंकू ठेवलंय."

"बरोबर मावतं गं," काकू म्हणाल्या.

युट्रेख्टच्या विद्यापीठात भार्गवी ह्याच नाण्यांवर पीएचडी करत होती. त्या काळी तिथली, म्हणजे आजच्या इस्तंबूलची, काही नाणी अशी खोलगट वाटीसारखी पाडत. का, ते अजून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. निहारला हे किंग्ज डेला सापडलं होतं, जेव्हा अख्खा देश घरातली अडगळ रस्त्यावर मांडून बसतो. एका डच आजीच्या चादरीवर, बटणांच्या डब्यात. काकूंनी ते पाहिलं, करंडा म्हणून ताब्यात घेतलं आणि प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून घासलं. नऊशे वर्षांचा थर, ज्याला हात लावायला जगभरचे अभ्यासक घाबरतात, तो काकूंनी गणपती ते दिवाळीत साफ उतरवला होता. आणि वर त्याची चमक भार्गवीला कौतुकाने दाखवली.

भार्गवीला रडावं की हसावं कळेना. एप्रनमधला मुलगा मात्र तिच्याकडे असा बघत होता, जणू नाणं त्यालाच नव्याने सापडलंय.

नाणं अभ्यासायला हवं, असं ती म्हणाली. काकू आधी नाहीच म्हणाल्या, मग अट घातली. दर शनिवारी निहार स्वतः युट्रेख्टला घेऊन जाईल आणि संध्याकाळी परत आणेल. त्या पुण्याला परत निघाल्या, की करंडा त्यांच्याबरोबर जाणार.

तर दर शनिवारी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जायफळाच्या डबीत बसून ट्रेनने युट्रेख्टला जाऊ लागला.

पहिल्याच शनिवारी भार्गवीने नाणं मायक्रोस्कोपखाली धरलं, दिवा तिरका केला... आणि निहार तिच्या खांद्यामागून वाकला. त्याच्या जॅकेटला पावसाचा वास होता.

"हे दोघं एकच दांडा धरून उभे आहेत," तो म्हणाला. "गच्च भरलेल्या ट्राममध्ये असल्यासारखे."

"दांडा नाही तो, क्रॉस आहे. डावीकडचा सम्राट अलेक्सिओस. त्याचं नाव वाचता येतं."

"आणि उजवीकडे कोण? बायको?"

भार्गवीने पाहिलं. अक्षरं झिजलेली होती, पण तिच्या सरावलेल्या डोळ्यांना दोन मिनिटांत लागली. ईरीनी, सम्राज्ञी. नवराबायको एका नाण्यावर, दोघांची नावं, दोघांचे हात एकाच क्रॉसवर. अशी नाणी फार थोडी. सांगायला तिने तोंड उघडलं—आणि तेवढ्यात लक्षात आलं, की एकदा वाचून झालं, की हा मुलगा डबी बंद करून जाणार. पुढच्या शनिवारी यायला त्याच्याकडे काही कारणच उरणार नाही.

"काही कळत नाहीये," ती म्हणाली. "संत असेल. मुलगा असेल... पुन्हा आणावं लागेल."

"आणतो की," निहार जरा जास्तच पटकन म्हणाला.

मग शनिवारमागून शनिवार गेले. दिव्याचा कोन बदलला, भिंग बदललं, कॅन्टीनमधलं टेबल मात्र तेच राहिलं. तिने त्याला ग्रीक अक्षरं शिकवायला घेतली. इंजिनियर असल्याने लॅम्डा, ईटा, ऱ्हो त्याला कॉलेजपासून ठाऊक होते, पण त्यांच्यापुढे समीकरण नाही ह्याचं त्याला फार नवल वाटायचं. एकदा उतारावर तिची सायकल घसरली तेव्हा त्याने आधी डबी सावरली, मग तिला. ह्यावरून ती त्याच्याशी पुलापर्यंत बोलली नाही, आणि पुलावर तो इतका ओशाळून उभा राहिला, की तिला हसूच आलं. ती हसत असताना त्याने तिच्या ओल्या बाहीवरचं पान काढलं. हात तिथून लगेच काही हलला नाही...



शेवटी तिच्या विभागात नाण्यांचं छोटंसं प्रदर्शन ठरलं. काकूंचा करंडाही त्यात होता. खाली पाटी, भार्गवीनेच लिहिलेली: 'सम्राट अलेक्सिओस आणि एक अनोळखी व्यक्ती. वाचन चालू आहे.' ती चिकटवताना तिचे कान तापले होते. काकूंचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं. म्हणजे आज संपलं की संपलं.

उद्घाटनाला निहार काकूंना घेऊन आला. काचपेटी अजून उघडी होती, भार्गवी किल्ली आणायला गेली होती. काकूंनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचा करंडा, सगळ्या जगापुढे, रिकामा. सवाष्णीचा करंडा कुणी असा रिकामा ठेवतं का? त्यांनी पर्समधून कुंकवाची पुडी काढली.

भार्गवी परत आली तेव्हा तिची गाईड मारेइका कपाळावर ठसठशीत कुंकू लावून प्रसन्न उभी होती. शेजारी काकू नाणं उलटं करून जास्तीचं कुंकू पुडीत झटकत होत्या.

"काकू, काय केलंत..." भार्गवी काचपेटीकडे धावली.

"भरून दाखवलं. आता बघ, कसं दिसतंय."

सगळ्यांनी बघितलं. कुंकू खोलगट भागात घट्ट बसलं होतं, आणि लाल जमिनीवर उठावाची अक्षरं चिंचेने उजळलेल्या तांब्यात लखलखत होती. चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता आली असती.

निहार वाकला. उजवीकडच्या आकृतीवर बोट धरून त्याने एकेक अक्षर लावलं, पहिलीतल्या पोरासारखं. मग सरळ झाला.

"ईरीनी," तो म्हणाला. "राणी आहे ती."

भार्गवी फरशीकडे बघत होती.

"महिनाभर ग्रीक शिकलोय मी. मला वाचता आलं." त्याचा आवाज खाली आला. "तुला पहिल्याच दिवशी आलं असणार."

मारेइकाने पाटीकडे पाहिलं, भार्गवीकडे पाहिलं, निहारकडे पाहिलं. मग काकूंचा दंड धरून ती त्यांना कॉफीकडे घेऊन गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दाराशी पोचेपर्यंत दोघीही मोठ्याने हसत होत्या.

"खोटं का बोललीस?" निहारने विचारलं.

"तू पुन्हा यावास म्हणून," भार्गवी म्हणाली. एकदा तोंडातून गेलंच, तर म्हटलं सगळंच जाऊ दे. "मला तू आवडतोस. पहिल्या शनिवारपासून. नाणं तर तेव्हाच वाचून झालं होतं."

तिला वाटलं, आता पळावं. मग त्याने हळूच तिचा हात हातात घेतला. त्याची बोटं कुंकवाने लाल झाली होती, आता तिचीही झाली.

"उद्या आई नाणं घेऊन जाईल," तो म्हणाला. "मग शनिवारी मी काय घेऊन येऊ?"

"काही नको," ती म्हणाली. "नुसता ये."