वरचे एकशे चार वॅट

बसा. वीज चारपर्यंत काही येत नाही, आणि वीज आल्याशिवाय मी कुणाला पॉवर सप्लाय विकत नाही. डब्यावर बाराशे वॅट छापायला शाई तेवढी लागते. मी आधी हातात धरून वजन बघतो, मग भार टाकून तासभर चालवतो, मग वास घेतो. तुम्हाला आठ ग्राफिक्स कार्डांचं क्रिप्टोचं यंत्र लावायचंय ना? लावा. घरात लावा, गच्चीवर लावा. फक्त आपल्या सब्जेवार शहराबाहेर कोंबड्यांची रिकामी शेडं भाड्याने मिळतात, शेतीच्या दराने वीज मिळते, असं कुणी सांगितलं तर तिकडे फिरकू नका. साखरेचा खडा तोंडात धरा, चहा गार होतोय. सांगतो.

अर्दलान माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने असंच एक शेड घेतलं होतं. बारा कार्डं, प्रत्येकी एकशे वीस वॅट, बोर्डाचे शंभर वेगळे. त्यासाठी हजार-हजार वॅटचे दोन सप्लाय मीच निवडून दिले होते. दोघांनी मिळून सोळाशे सुखाने ओढावेत. पुरे दोन हजार मी कधी कुणाकडून मागत नाही, यंत्र असो की माणूस. हिशोब चोख होता. तरी रोज दुपारी दोनच्या सुमाराला यंत्र बंद पडायचं. अर्दलान फोनवर म्हणायचा, तिसरा सप्लाय द्या. आणि यंत्र बंद पडेल म्हणून शेड सोडायचा नाही. नऊ दिवस तो घरी आला नव्हता.

दहाव्या दिवशी सासूबाई, तूबाखानम, दुकानात आल्या. खुर्चीवरसुद्धा बसल्या नाहीत.

"नुसरतजान, मला त्याचा पैसा नको न् यंत्र नको. माझं पोरगं तेवढं घरी आण."

मी एक चांगला जड सप्लाय निवडला, गाडीत टाकला आणि भर दुपारी निघालो. बाहेर त्रेचाळीस अंश होते. शेडचं दार ढकललं तर आत काळोख, जुन्या पिसांचा आणि विष्ठेचा डोळ्यांत चुरचुरणारा वास. लांबच लांब रिकामं शेड, मध्ये बारा कार्डांची घरघर. आणि तिच्याशेजारी अर्दलान, डोक्याला लोकरीची टोपी.

"काय रे, बर्फ पडलाय का?" मी म्हणालो. "तुला तिसरा सप्लाय नकोय, डॉक्टर हवाय."

तो हसला नाही. "आगा नुसरत, जरा हळू बोला..."

भिंतीतल्या प्लगला मी वॅट दाखवणारा मीटर लावून दिला होता. त्याचा आकडा माझ्या मोबाइलवरही दिसतो. मी एकेक कार्ड काढायला लागलो. आकडा उतरत गेला. बाराही कार्डं काढली, बोर्ड बंद केला, दुसरा सप्लाय भिंतीतून उपटला. उरला एक सप्लाय, त्याला काहीच जोडलेलं नाही, फक्त त्याचा स्वतःचा पंखा. फार तर दहा वॅट दिसायला हवेत.

एकशे चार.

सप्लाय बिघडला असेल. तो काढून मी माझा नवा लावला, सकाळीच तपासलेला.

एकशे चार.

"बघितलंत?" अर्दलान कुजबुजला. "तो इथेच बसतो. उबेला."

"कोण?"

"मश्दी सफर... राखणदार. मागच्या उन्हाळ्यात वीज गेली, पंखे थांबले. वीस हजार कोंबड्या अर्ध्या तासात गेल्या, आणि त्यांना वाचवायला आत धावला तो पण. तेव्हापासून गार पडलाय तो."

मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर पडते, हे इथल्या प्रत्येक कोंबडीवाल्याला ठाऊक असतं. इथे कुणीतरी नेमकी तेवढीच उष्णता आत ओढत होतं. सप्लायच्या वर हात धरला तर वारा गार येत होता.

"चल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता घरी चल."

"हो... मी माझी रजई घेऊन येतो. तुम्ही दार उघडा."

तो शेडच्या टोकाकडे गेला. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. बाहेरच्या पांढऱ्याफटक उन्हाने डोळे दिपले होते, मागे सगळा काळोख. पावलं आली. माझ्या खांद्यामागे कुणीतरी थांबलं. आणि मी ते केलं जे आपल्यापैकी कुणीही न विचारता करतो. बाजूला सरकलो, हात पुढे केला आणि म्हणालो, "बेफरमाईद, आधी तुम्ही."

तो माझ्या पुढून बाहेर पडला. त्याची बाही माझ्या हाताला लागली, ओल्या मडक्यासारखी थंड. आतला सप्लाय तसाच चालू सोडून मी दाराला कुलूप घातलं. उन्हात बघितलं तर अर्दलानच होता. टोपी तीच, चेहरा तोच. रजई मात्र हातात नव्हती. मी विचारलं नाही. मला तिथून निघायचं होतं.

अर्ध्या रस्त्यात माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे दारात पहिल्या बोलावण्याला कोण पुढे जातं? 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही', निदान तीनदा तरी होतंच. आणि अर्दलान तर असा की त्याच्यापायी लग्नाच्या पंगतीत भात गार व्हायचा. हा एक शब्द न बोलता माझ्या आधी बाहेर आला होता.

तूबाखानमनी त्याला छातीशी धरलं आणि रडल्या. जून महिन्यात तो दोन रजया घेऊन झोपायचा. प्रत्येक दारातून आधी तो शिरायचा, आईच्याही आधी. "एकटा राहून रीतभात विसरला बिचारा," त्या म्हणायच्या. "येईल ताळ्यावर."

त्या रात्री मी मोबाइलवर शेडचा आकडा बघितला. सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशी ब्याऐंशी. शेड बंद, आत कुणी नाही, आणि ते जे काही आहे ते रोज कमी होतंय. चौथ्या दिवशी साठ झाले, तेव्हा मला राहवेना. गेलो. कुलूप काढलं, दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. आत सप्लायचा पंखा फिरत होता. बाकी काही दिसेना.

"अर्दलान?"

मग दाराच्या अगदी आतून, काळोखातून, अर्दलानचा दमलेला आवाज आला.

"आगा नुसरत... बेफरमाईद... आधी तुम्ही..."

"तू बाहेर ये," मी म्हणालो. "बेफरमा, आधी तू."

"छे छे... तुम्ही मोठे... आधी तुम्ही आत या..."

तीनदा म्हणालो. तीनदा तो तेच म्हणाला. आत होता तो माझा मेहुणा, की मला आत घेऊ बघणारं आणखी काही? अजूनही सांगू शकत नाही. एक पाऊल टाकलं असतं तर कळलं असतं. नाही टाकलं. दार लावलं, कुलूप घातलं आणि पळालो. पन्नाशीचा माणूस मी, रस्त्यात गाडी थांबवून पोरासारखा रडलो.

त्यानंतर एकेचाळीस. मग सव्वीस. आज सकाळी नऊ.

आणि आज सकाळी अर्दलान इथे आला. म्हणजे जो घरी आहे तो. दारात थांबला नाही, सरळ आत आला, आत्ता तुम्ही बसलाय तिथपर्यंत.

"चावी द्या," तो म्हणाला. "मी जाऊन तो प्लग काढून येतो. उगाच वीज जळतेय."

नाही म्हणायला हवं होतं. त्याने हात पुढे केला, तो थंडगार हात माझ्या बोटांना लागला, आणि मी चावी दिली. हो, दिली. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

एक वाजून वीस मिनिटांनी मोबाइलवर शून्य आलं. हा बघा. प्लग काढला असता तर संपर्क तुटल्याचं लिहून आलं असतं. तसं नाहीये. प्लग भिंतीतच आहे, सप्लाय चालूच आहे. नुसतं शून्य आहे.

तुम्ही यायच्या जरा आधी तूबाखानमचा फोन आला. आवाजात इतका आनंद मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"नुसरतजान, पोरगं आलं बघ. पोटभर जेवला, रजया घडी करून ठेवल्या. म्हणतो, आई, आता कुठे अंगात ऊब आली."