प्रेस शॉपमधलं कनेक्शन

आमच्या महाळुंग्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून सर्व्हरची कामं मी त्याच दिवशी काढते. त्या गुरुवारी डिस्क बदलली होती. आता बॅकअपमधून डेटाबेस परत भरायचा आणि शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टच्या आत सगळं सुरू करून द्यायचं, एवढंच काम.

पण रिस्टोअर पुढे सरकेना. मेमरी कमी पडली की सर्व्हर सगळं डिस्कवर उतरवत बसतो. मी सेटिंगमध्ये मेमरी वाढवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेच. आणखी वाढवली, तर आणखी हळू. दुपार टळली तरी निम्मंही भरलं नव्हतं. वर आमचे मॅनेजर गणराज सरांचे फोन. "साधना, झालं का?" प्रत्येक वेळी 'होतंय सर' म्हणताना माझे दात आवळले जात होते.

शेवटी वैतागून मेमरी कोण खातंय ते पाहिलं. माझ्याशिवाय आणखी एक कनेक्शन होतं. पत्र्याचे भाग दाबून काढायचे त्या, आता बंद पडलेल्या प्रेस शॉपमधल्या टर्मिनलवरून. मी ते तोडलं, आणि रिस्टोअर धावायला लागलं. चहाचा घोट घेईपर्यंत ते परत जोडलं गेलं. तोडलं. परत जोडलं गेलं. पासवर्ड बदलला, तरी तेच.

मी गेटवर फोन लावला. तिथले वॉचमन उद्धवराव गावातलेच.

"प्रेस शॉपमध्ये कोण बसलंय?"

"कुणी न्हाई ताई. जयसिंग गेल्यापास्नं कुलूप हाय. लाइटबी तोडलीया."

जयसिंग तिथला ऑपरेटर. त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबला होता. मालाचा लॉट पुरा व्हायच्या आत प्रेसखाली सापडून मेला.

"बघून या," मी चिडूनच म्हणाले. "फोन चालू ठेवा."

किल्ल्या वाजल्या. शटर वर गेलं. मग नुसता त्यांचा श्वास. आणि त्यामागून... धप्प. जरा वेळाने पुन्हा, धप्प. फोनमधून आला तसाच तो माझ्या पायाखालच्या फरशीतूनही आला. माझ्या थंडगार बंद सर्व्हर रूममध्ये तापलेल्या तेलाचा वास पसरला.

"ताई..." उद्धवराव कुजबुजले, "त्येचं काम अडवू नगा..."

माझं बोट कनेक्शन तोडायच्या बटणावर होतं. मी ते उचललं. माझ्या कामाची मेमरी निम्म्याने कमी केली, उरलेली त्याला सोडली आणि रिस्टोअर पुन्हा लावलं. दोन्ही कामं शेजारी शेजारी, मुकाट्याने चालत राहिली. दिवेलागणीला रिस्टोअर संपलं. ते कनेक्शनही आपोआप गेलं.

उद्धवराव आत आले आणि त्यांनी टेबलावर लोखंडी ब्रॅकेट ठेवला. मी हात लावला आणि मागे घेतला. चटका बसला होता.

"कुठे मिळाला?"

"अंधारात... कुणीतरी हातात दिला."

रुमालात धरून मी तो दिव्याखाली नेला. कडेला तारखेचा ठसा होता. उद्याचा. त्यापुढची, तो काढणाऱ्या ऑपरेटरच्या नंबरची जागा तेवढी कोरी होती.