सिस्टरने अडवलेली गाडी

दवाखान्याच्या फाटकात बुद्धभूषणने गरोदर बहिणीसाठी गाडीचं दार उघडलं, आणि कुणीतरी ते धाडकन लावून टाकलं.

"माझ्या पेशंटला घेऊन कुठे निघालात?"

भिजलेली छत्री काखेत, कपाळावर बटा, आणि डोळे... अहाहा! पण काय संतापलेले! अंबडच्या कंपनीत सगळ्यांवर आवाज चढवणारा हा सुपरवायझर चक्क चाचरला.

"पहिलं बाळंतपण माहेरी... म्हणून स्नेहाला घोटीला—"

"बीपी किती वाढलंय तिचं! वाटेत झटके आले तर? माहेरच हवंय ना? मग माहेर इथे आणा!"

आणि पठ्ठ्याने आणलंही! दवाखान्यामागे खोली घेतली, आईला आणलं, गॅस-भांडीसुद्धा आणली.

"पोरगी लय कडक हाय," आई म्हणाली, "पण स्नेहाचे सुजलेले पाय रोज हातात घेऊन बघती रे!"

ही तेजस्विनी जोखमीच्या बाळंतपणांचीच नर्स. पार इगतपुरीकडून बाया तिच्याकडे यायच्या. कुणाचं रक्त कमी, कुणाला जुळी, कुणाची आधीची बाळं गेलेली. पोटावर हात ठेवून ती असं काही बोलायची, की रडणारी बाई खुदकन हसायची. डबा द्यायच्या निमित्ताने बुद्धभूषण दारात रेंगाळायचा. प्रेमात पडला, दुसरं काय!

एका दुपारी स्नेहाला खरंच झटके आले. तेजस्विनीने धावत जाऊन तिला कुशीवर वळवलं, डॉक्टरांना हाक मारली, इंजेक्शन दिलं. लगेच सिझर झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप! स्नेहा घोटीच्या वाटेवर असती तर... या विचारानेच बुद्धभूषणने तेजस्विनीला हात जोडले.

स्नेहाला घरी सोडायच्या दिवशी त्याने तेजस्विनीला टपरीवर चहाला नेलं.

"सिस्टर, आता मी कोणत्या निमित्ताने येऊ?"

"बीपी तपासायला या."

"ते तुम्हाला बघूनच वाढतं." ती लाजून हसली, तसा त्याला धीर आला. "लग्न कराल माझ्याशी?"

तिचं हसू मावळलं. "हातातला घास टाकून पळावं लागतं मला. दोन स्थळं त्यावरूनच मोडली. नोकरी सोड म्हणाले. आणि मी... नाही सोडणार."

तो काही बोलणार, तोच वॉर्डातून एका बाळंतपणासाठी हाक आली. चहा तसाच ठेवून ती पळाली.

दिवेलागणीला बाहेर आली तेव्हा पार दमली होती. बुद्धभूषण पावसात टपरीच्या आडोशाला उभाच होता.

"आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"कोण आई?"

"आत होती ती... तुमची पेशंट."

तेजस्विनी छत्री मिटून त्याच्या शेजारी आडोशाला आली.

"सुखरूप आहे," ती म्हणाली. "लोक आधी मुलगा की मुलगी, तेच विचारतात हो. बाईचं आधी विचारणारे तुम्ही पहिलेच." तिने हळूच त्याच्याकडे बघितलं. "इतका वेळ थांबलात म्हणून नाही हं... तिचं आधी विचारलंत म्हणून सांगते. नोकरी सोड, असं तुम्ही नाही म्हणणार. माझं हो आहे."