पॅनल जाता जाईना

जळगावातल्या त्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या झाडून सगळ्या मुलींना तो ‘ताई’ म्हणायचा. मला मात्र ‘मॅडम’ म्हणाला... आणि तिथंच माझी विकेट पडली.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पाचोऱ्याहून रोज ये-जा करणारी. ऐन परीक्षेत स्क्रीन काळी झाली, म्हणून रडवेली उभी होते. त्यानं मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला.

“बघा, अक्षरं आहेत तशीच. मागचा दिवा तेवढा गेलाय.”

बघायला मी वाकले, तोही वाकला — डोक्यावर डोकं आपटलं.

“लागलं?”

“मला की लॅपटॉपला?”

तो कानापर्यंत लाल झाला.

“ललित, बठ्ठं काम सोडीसन काय देखी राह्यना?” आतून दुकानाचे मालक चुडामणनाना अहिराणीत ओरडले. नाव असं कळलं.

ललितनं पावतीवर माझं नाव लिहिलं, चारुलता. मग स्क्रीनचं नवं पॅनल घेतलं, त्याच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी डकवली. “तारीख आणि सही. परत आलं तर कोणी, कधी बसवलं ते कळतं.” लिहायला मात्र त्याला भलताच वेळ लागला.

“किती टिकेल?”

“पॅनललाही आयुष्य असतं, मॅडम. ब्राइटनेस सतत पूर्ण ठेवलात तर लवकर थकेल. निम्म्यावर ठेवा, दहा वर्षं बघायला नको.”

दहा वर्षं! मी घरी जाऊन ब्राइटनेस पूर्ण केला. ते जाईल कधी आणि मी त्याच्याकडे जाईन कधी... बिनकामाचं दुकानात जायचा धीर नव्हता. एकदा चांगला माऊस घेऊन गेले. “याला काय झालंय?” त्यानं विचारलं. काही सुचेना, तशीच पळून आले.

पॅनल मात्र जाता जाईना. सहा वर्षं गेली. गेल्या महिन्यात धुळ्याच्या मुलाशी माझा साखरपुडा झाला, पत्रिकाही छापून आल्या — आणि आठव्या दिवशी स्क्रीन काळी!

नाना थकले होते. दुकान आता ललितचं होतं. त्यानं झाकण उघडलं, जुनं पॅनल उलटं केलं आणि त्याचा हात थांबला. मी वाकून पाहिलं. तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं —

‘चारुलता, हे जाईल तेव्हा माझं स्वतःचं दुकान असेल. तेव्हा विचारीन.’

“तोंडानं का नाही विचारलंत?”

“तेव्हा नानांकडे पगारी होतो. वाटलं, तीन-चार वर्षांत पॅनल जाईल, तुम्ही याल...”

“मग साधं बसवायचं ना! इतकं चांगलं कशाला बसवलंत?”

“तुम्हाला हलकं कसं देणार?”

माझ्या बोटातली अंगठी त्यानं पाहिली होती. मला रडू आवरेना.

“मी सहा वर्षं ब्राइटनेस पूर्ण ठेवला, ललित... लवकर जावं म्हणून.”

तो मटकन स्टुलावर बसला. मग माझ्या वडिलांचा, अण्णांचा फोन आला, बस्त्याला उशीर होतोय म्हणून. ललित उठला, नवं पॅनल काढलं. चिठ्ठीवर या वेळी नुसती तारीख आणि सही केली. ते पॅनलही दुकानातलं सगळ्यात चांगलं होतं.

निघताना तो ‘ताई’ म्हणणार होता. मला ओठांवरून कळलं. पण त्याला जमलं नाही.

“नीट जा, मॅडम.”

घरी आल्यावर मी पहिल्यांदा ब्राइटनेस निम्म्यावर आणला. हे पॅनल मला जाऊ द्यायचं नाही.