डावा खांदा

"ओ मॅडम, गुडघ्याचे डॉक्टर कुठं बसतेत?"

दारातल्या उंचापुऱ्या तरुणाकडं सुकन्यानं पाहिलं आणि तिच्या संशोधनाला हव्या असलेल्या वीस जणांतला शेवटचा माणूस तिला सापडला.

"तिसरी खोली. पण तुमचे गुडघे तर ठणठणीत दिसतात."

"मित्राचा दुखून राहिला. मला काय झालं न्हाई."

"मग त्याला तिकडं सोडा अन् इकडं या. डंबेल उचलायचेत."

तो आदिनाथ. अहमदपूरजवळची घरची शेती सांभाळून वेटलिफ्टिंग करायचा. आठ दिवसांनी नांदेडला निवड चाचणी होती. सुकन्या उदगीरच्या किराणा व्यापाऱ्याची लेक, लातुरात फिजिओथेरपी शिकणारी. डंबेल उचलताना खांद्याचा कोणता स्नायू किती काम करतो, हे ती यंत्रावर मोजत होती.

स्पिरिटचा बोळा फिरवून तिनं त्याच्या दोन्ही खांद्यांवर सेन्सर चिकटवले. तो शहारला.

"थंड लागलं?"

"न्हाई... तुम्ही लई बारीक बघून राहिलात."

"मी यंत्राकडं बघतेय."

"यंत्र तर तिकडं हाय —"

"हात वर!" ती म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

पडद्यावर उजव्या खांद्याची रेघ झोकात उसळली. डावी मलूल. तिकडं सगळा भार मानेजवळचा स्नायू ओढत होता. तिनं सेन्सर बदलून पुन्हा मोजलं. तेच.

"डावा खांदा दुखतो ना?"

त्याचं हसू मावळलं. "कुणाला सांगू नका. चाचणी होऊ द्या."

"अन् वजन डोक्यावर असताना हात सुटला तर?"

"वर्षाची मेहनत हाय, मॅडम."

"खांदा जन्माचा हाय."

सेन्सर उपटून तो निघून गेला. सुकन्याला चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी तो दारात उभा.

"चाचणीतून नाव काढून घेतलं. तुम्ही बोललात तसं दुसरं कुणी बोललंच न्हाई... आता नीट करा."

पुढं तीन महिने, दर मंगळवारी, तो एसटीनं येत राहिला. आधी रबरी पट्टा, मग एक किलो, मग पाच. व्यायाम अर्ध्या तासाचा. गप्पा शेवटची गाडी चुकेपर्यंत. एका मंगळवारी दोन्ही रेघा सारख्या उसळल्या.

"बरे झालात," सुकन्या म्हणाली. "रविवारी उदगीरला या. माझ्या अप्पांना भेटायला."

"पेशंट म्हणून?"

"पेशंटला मी घरी बोलवत नाही."

डंबेल त्यानं हळूच खाली ठेवलं. "अप्पा काय म्हणतील...?"

"ते मी बघते. तुम्ही तुमचं सांगा."

"हाव, येतो," तो म्हणाला. आणि ती ऐकत राहिलीय असं पाहून पुन्हा, जरा मोठ्यानं, "हाव!"